रुपेरी पडद्यावरील श्वान

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिराच्या मागोमाग हिमालय चढणाऱ्या एका कुत्र्याची कथा आहे. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेंत एकामागून एक पडले. शेवटीं धर्मराज आणि तो कुत्रा असे दोघेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, परंतु कुत्र्यास स्वर्गांत जागा नाहीं असें त्यानें सांगितलें. तेव्हां आश्रितास टाकून मिळणारा स्वर्ग आपणास नको, असें युधिष्ठिरानें उत्तर दिलें. तो कुत्रा म्हणजे साक्षात् यमधर्म होता, हें पुढें उघड होतें. या कथेंत कुत्रा विशेष कांहींच करीत नाहीं. तो केवळ मागें चालतो. परीक्षा होते ती माणसाची. कुत्र्यांवर आजवर जे शेंकडों चित्रपट निघाले, त्यांपैकीं लोकांच्या मनांत पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेले कोणते हें पाहूं लागलें, म्हणजे बहुतेकांच्या मुळाशीं हेंच सूत्र आढळून येतें.

चित्रपटकलेच्या अगदीं बालपणींच कुत्र्यानें पडद्यावर प्रवेश केला. १९०५ सालीं इंग्लंडांत सेसिल हेपवर्थ यांच्या संस्थेनें 'रेस्क्यूड बाय रोव्हर' नांवाचा मूकपट काढला. दिग्दर्शक लुइन फिट्झहॅमन हे होते. चित्रपटाची लांबी अवघी साडेसहा मिनिटांची. दाई बाळाला बाबागाडींतून फिरावयास नेते, एका सैनिकाशीं बोलण्यांत गुंतते, आणि तेवढ्यांत एक भिकारीण बाळाला उचलून नेते. घरीं आईला ही वार्ता कळतांच जवळ बसलेला रोव्हर खिडकींतून उडी टाकतो, रस्ता तुडवीत धांवतो, नदी पोहून जातो, गरीब वस्तींतील दारें एकेक करून हुंगतो आणि माळ्यावरच्या खोलींत बाळाचा शोध लावतो. मग तो तसाच माघारी येऊन धन्याला त्या ठिकाणीं घेऊन जातो. सारा मामला घरगुती होता. पित्याची भूमिका स्वतः हेपवर्थ यांनीं केली; त्यांच्या पत्नीनें कथा रचिली व मातेची भूमिकाही केली; बाळ त्यांचेंच, आणि रोव्हर म्हणजे त्यांच्या घरचा ब्लेअर नांवाचा कॉली जातीचा कुत्रा. एकंदर खर्च ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स झाला. सुमारें ४०० प्रती विकल्या गेल्या. प्रती काढतां काढतां मूळ फिल्म झिजून गेली, म्हणून तोच चित्रपट आणखी दोन वेळां नव्यानें चित्रित करावा लागला.

या लहानशा चित्रपटाचें महत्त्व केवळ कुत्र्यामुळें नाहीं. रोव्हर एका चित्रांत ज्या दिशेनें बाहेर पडतो त्याच ओघानें दुसऱ्या चित्रांत शिरतो, आणि परततांना तोच मार्ग उलट क्रमानें दिसतो. त्यामुळें घर कोठें, नदी कोठें आणि ती गरीब वस्ती कोठें, याचा नकाशा प्रेक्षकाच्या मनांत आपोआप तयार होतो. तुटक तुटक चित्रें जोडून एक अखंड धांव कशी दाखवावी, हा धडा चित्रपटसृष्टीला ज्यांनीं आरंभींच्या काळांत दिला, त्यांत या कुत्र्याची गणना होते.

येथें सहज असा प्रश्न उद्भवतो कीं, कुत्रा खरोखर अभिनय करतो काय? माणूस ज्या अर्थानें करतो त्या अर्थानें नाहीं. आपण दुःखी आहों असें दाखवावयाचें आहे, हें कुत्र्यास ठाऊक नसतें. त्याला एवढेंच ठाऊक असतें कीं, शिक्षकानें अमुक खूण केली म्हणजे मान खालीं घालावयाची, दुसरी खूण केली म्हणजे लंगडत चालावयाचें, आणि काम नीट झालें म्हणजे खाऊ मिळावयाचा. मूकपटाच्या काळांत शिक्षक कॅमेऱ्यामागून मोठ्यानें आज्ञा देऊं शकत असे. बोलपट आल्यावर तें अशक्य झालें आणि हाताच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागली. कित्येक वेळां एकाच भूमिकेसाठीं दोन-तीन सारखे दिसणारे कुत्रे वापरतात. एक पळणारा, एक पोहणारा, एक शांत बसणारा. उरलेलें काम चित्रांची जुळणी करते. आधीं रिकामी खुर्ची दाखवावयाची आणि लगेच कुत्र्याचा चेहरा दाखवावयाचा, म्हणजे तो धन्याची आठवण काढीत आहे असें प्रेक्षकास वाटतें. वस्तुतः त्या क्षणीं तो शिक्षकाच्या खिशाकडे पाहत असेल. दुःख प्रेक्षकाचें असतें आणि तें तो कुत्र्याच्या डोळ्यांत पाहतो. नट म्हणून कुत्र्याचें सामर्थ्य येथेंच आहे. तो खोटा चेहरा करूं शकत नाहीं, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर कोणाचाही विश्वास बसतो.

अशा श्वाननटांत जगभर कीर्ति मिळाली ती रिन टिन टिन यास. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सप्टेंबर महिन्यांत, फ्रान्समधील फ्लिरे गांवाजवळ बॉम्बनें उद्ध्वस्त झालेल्या एका श्वानगृहांत ली डंकन या अमेरिकन सैनिकास जर्मन शेफर्ड जातीची कुत्री व तिचीं पिलें सांपडलीं. त्यांतील दोन पिलें त्यानें स्वतःकडे ठेविलीं आणि फ्रेंच लोक शुभचिन्ह म्हणून सैनिकांस ज्या चिमुकल्या बाहुल्या देत, त्यांचीं नांवें त्यांस दिलीं. एक पिलूं पुढें दगावलें. दुसरें रिन टिन टिन. १९२३ सालच्या 'व्हेअर द नॉर्थ बिगिन्स' या चित्रपटानें तो प्रसिद्धीस आला, आणि त्या काळीं फारशी सुस्थिति नसलेल्या वॉर्नर ब्रदर्स या संस्थेस त्याच्या चित्रपटांच्या उत्पन्नानें मोठाच हात दिला. १९३२ च्या ऑगस्टमध्यें तो मरण पावला. त्याचे चित्रपट साहसाचे. उंच भिंतीवरून उड्या, लांडग्यांशीं झुंजी, दुष्टांचा पाठलाग असा सारा थाट. ते पाहून मुलें टाळ्या पिटीत. परंतु माणसाची परीक्षा त्यांत क्वचितच आढळते.

ती परीक्षा पूर्णपणें अवतरली १९४३ सालच्या 'लॅसी कम होम' या रंगीत चित्रपटांत. एरिक नाइट या यॉर्कशर प्रांतांत जन्मलेल्या लेखकानें १९३८ सालीं ही कथा प्रथम साप्ताहिकांत लिहिली आणि १९४० सालीं तिची कादंबरी केली. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वींच, १९४३ च्या जानेवारींत, तो विमानाच्या अपघातांत मरण पावला. दिग्दर्शन फ्रेड विल्कॉक्स यांचें; मुलाची भूमिका रॉडी मॅक्डॉवल यानें केली, आणि पुढें जगप्रसिद्ध झालेली एलिझाबेथ टेलर त्यांत लहान मुलीच्या रूपानें दिसते. लॅसी ही कुत्री. पण तिची भूमिका करणारा पॅल हा नर होता, कारण कॉली जातीच्या मादीचे केस ऋतुमानाप्रमाणें फार झडतात आणि नर पडद्यावर अधिक भरदार दिसतो. रड वेदरवॅक्स या शिक्षकानें त्यास तयार केलें होतें.

कथेचा गाभा प्रवासाचा आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु खरा गाभा दारिद्र्याचा आहे. यॉर्कशरमधील एका गांवीं बापाचें काम सुटलें आहे. घरांत विकण्यासारखें एकच आहे, तें म्हणजे लॅसी. ती एका धनाढ्य ड्यूकला विकली जाते. लॅसीला हा व्यवहार कळत नाहीं. शाळा सुटण्याची वेळ झाली कीं, ती कुंपणाखालून निसटते आणि मुलाच्या वाटेवर येऊन बसते. मुलाला आनंद होतो. पण बाप म्हणतो कीं, पैसे घेतले, आतां कुत्री आपली नाहीं. तो स्वतः तिला परत पोंचवितो. या प्रसंगांतील पेंच फार सूक्ष्म आहे. बाप निष्ठुर नाहीं. तो प्रामाणिक आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मुलाला व मुक्या जनावराला मोजावी लागत आहे. पुढें ड्यूक लॅसीला दूर स्कॉटलंडांत नेतो. तेथून ती सुटते आणि डोंगर, सरोवरें, नद्या ओलांडीत दक्षिणेची वाट धरते. वाटेंत एक वृद्ध जोडपें तिची शुश्रूषा करतें. तिचा जीव आपल्याकडे रमत नाहीं हें ओळखून तीं दोघें तिला जाऊं देतात. शेवटीं पाय रक्ताळलेली, हाडें दिसूं लागलेली लॅसी घरीं पोंचते. ड्यूक मागावर येतो, तेव्हां तोच सत्यवादी बाप ही ती कुत्रीच नव्हे असें सांगूं पाहतो. आणि ड्यूकही सर्व ओळखून, ही आपली कुत्री नव्हे असें म्हणतो व बापाला आपल्या श्वानशाळेंत चाकरी देतो. दोघेही खोटें बोलतात, आणि प्रेक्षकास त्यांत धर्माचरण दिसतें. लॅसी शेंकडों मैल चालली, म्हणून ही दोन माणसें एक पाऊल पुढें आलीं.

१९५७ सालचा 'ओल्ड येलर' हा याहून कठोर आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा हा चित्रपट रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनीं फ्रेड गिप्सन यांच्या कादंबरीवरून केला. काल १८६० नंतरचा, स्थळ टेक्सास. बाप गुरें विकावयास दूर गेला आहे आणि घराचा भार ट्रॅव्हिस नांवाच्या मुलावर आहे. कोठून तरी आलेला एक पिवळा, चोरटा कुत्रा हळूहळू त्या घराचा राखणदार होतो. एके रात्रीं पिसाळलेला लांडगा चाल करून येतो. कुत्रा कुटुंबास वांचवितो, पण स्वतः चावला जातो. त्यास कांहीं दिवस कोंडून ठेवितात, आणि अखेर लक्षणें दिसूं लागल्यावर मुलालाच बंदूक उचलावी लागते.

या चित्रपटाचा शोकांत शास्त्रदृष्ट्या समजून घेण्यासारखा आहे. कथा ज्या काळांतील आहे, त्या काळीं पिसाळण्याच्या रोगावर कांहींच उपाय नव्हता. लुई पाश्चर यांनीं माणसास पहिली लस दिली ती १८८५ च्या जुलै महिन्यांत. ट्रॅव्हिसला जें करावें लागलें तें आज कोणाही मुलास करावें लागूं नये, इतकी साधनें हातीं आहेत. कुत्र्यास नियमानें लस टोंचली तर तो हा रोग पसरवीत नाहीं. कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि विलंब न लावतां दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. कारण लक्षणें एकदां उमटलीं कीं, हा रोग जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. हळद-चुना भरून घरीं बसणें म्हणजे मृत्यूस वाट मोकळी करून देणें होय.

कुत्र्यावरील सर्व चित्रपटांत कलादृष्ट्या ज्यास अग्रस्थान द्यावें असा चित्रपट इटलींतील आहे. १९५२ सालचा 'उम्बेर्तो डी.' हा विट्टोरियो डी सिका यांनीं चेझारे झावाट्टिनी यांच्या पटकथेवरून दिग्दर्शित केला आणि स्वतःच्या पित्यास अर्पण केला. नायक एक वृद्ध, सेवानिवृत्त सरकारी नोकर. ही भूमिका करणारे कार्लो बाट्टिस्टी हे धंद्यानें नट नव्हते. फ्लॉरेन्सच्या विद्यापीठांत ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. वृद्धाचें निवृत्तिवेतन अपुरें आहे, भाडें थकलें आहे, घरमालकीण त्यास बाहेर काढूं पाहते, आणि त्याच्याजवळ स्वतःचें असें एकच उरलें आहे: फ्लाइक नांवाचा लहानसा कुत्रा. तो घड्याळ विकतो, पुस्तकें विकतो. तो रुग्णालयांत असतांना कुत्रा हरवतो, तेव्हां नगरपालिकेच्या कोंडवाड्यांत, जेथें बेवारशी कुत्रे मारले जातात, तेथें तो त्याला शोधीत जातो. तेथेंच एक दुसरा माणूस उभा आहे. आपला कुत्रा सोडविण्याचे पैसे त्याच्यापाशीं नाहींत. प्रेक्षकास तो विसरतां येत नाहीं.

या चित्रपटांतील एक प्रसंग जगभर नांवाजला गेला आहे. वृद्ध भीक मागण्याचा निश्चय करतो. हात पसरतो, आणि कोणी कांहीं देऊं लागतांच लाजेनें पंजा उलटा करून, पाऊस पडतो आहे कीं काय हें पाहत असल्याचा बहाणा करतो. मग तो टोपी कुत्र्याच्या तोंडांत देऊन त्याला दोन पायांवर उभा करतो आणि स्वतः खांबाआड लपतो. इतक्यांत ओळखीचा एक गृहस्थ येतो, तेव्हां कुत्रा खेळतो आहे असें त्याला सांगावें लागतें. सर्व आयुष्य ताठ मानेनें घालविलेल्या माणसाची अप्रतिष्ठा याहून थोडक्यांत कोणीं दाखविली नसेल. शेवटीं निराश होऊन तो कुत्र्यासह आगगाडीच्या मार्गाजवळ जातो. कुत्रा भयानें ओरडतो, हातांतून सुटतो आणि दूर पळतो. आपल्या धन्यावरचा त्याचा विश्वास त्या क्षणीं उडालेला असतो. मग तो वृद्ध माणूस आपलें दुःख विसरून, पाइन वृक्षाचें एक फळ हातीं धरून, कुत्र्याची मनधरणी करूं लागतो. आणि बऱ्याच वेळानें कुत्रा खेळावयास येतो. भाडें थकलेलेंच आहे, घर गेलेलेंच आहे. चित्रपट कोणताही प्रश्न सोडवीत नाहीं. पण दुसऱ्या जीवाचा गमावलेला विश्वास परत मिळविण्यासाठीं माणूस जगण्याकडे वळतो, एवढें तो दाखवितो. त्या काळीं इटलीच्या सरकारांत असलेले जुलिओ आन्द्रेओट्टी यांनीं या चित्रपटावर जाहीर टीका केली होती. देशाचें दैन्य जगापुढें मांडलें, असा रोख होता. आज ती टीका मागें पडली आहे आणि चित्रपट टिकला आहे.

सत्य घटनेवरून निघालेल्या चित्रपटांत जपानमधील हाचिको याची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. १९२३ सालीं जन्मलेला हा अकिता जातीचा कुत्रा टोकियोच्या विद्यापीठांतील कृषिविषयाचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्याकडे होता व शिबुया स्टेशनवर त्यांच्यासाठीं जात असे. १९२५ च्या मे महिन्यांत प्राध्यापक कामावर असतांनाच वारले. हाचिको मात्र त्यानंतर जवळजवळ दहा वर्षें, १९३५ च्या मार्चमध्यें मरेपर्यंत, स्टेशनवर येत राहिला. आरंभीं कित्येकांनीं त्यास हुसकाविलें. १९३२ सालीं वर्तमानपत्रांत त्याची हकीकत छापून आली, तेव्हां तोच सर्वांच्या कौतुकाचा विषय झाला. १९३४ सालीं स्टेशनपुढें त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला, त्या समारंभास तो स्वतः हजर होता. युद्धकाळांत तो पुतळा धातूसाठीं वितळविण्यांत आला आणि १९४८ सालीं नवा बसविण्यांत आला. या कथेवर सेइजिरो कोयामा यांनीं १९८७ सालीं 'हाचिको मोनोगातारी' काढला. लासे हालस्ट्रॉम यांनीं २००९ सालीं तीच कथा अमेरिकेंत नेऊन रिचर्ड गिअर यांच्याकडून प्राध्यापकाची भूमिका करविली. हाचिको खाण्याच्या आशेनें येत असावा, अशीही शंका कांहींनीं घेतली आहे. क्षणभर तसें मानलें, तरी ज्या जिवाला इतकीं वर्षें स्टेशनवर अन्न शोधावें लागलें, त्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न उरतोच.

जपानमधीलच दुसरा एक चित्रपट तो प्रश्न उघडपणें विचारतो. १९५८ च्या फेब्रुवारींत दक्षिण ध्रुव प्रदेशांतील जपानी तळ बिकट हवामानामुळें सोडावा लागला आणि गाड्या ओढणारे १५ कुत्रे साखळदंडांत बांधलेले तसेच मागें राहिले. पुढील वर्षीं माणसें परत गेलीं, तेव्हां तारो व जिरो हे दोघे जिवंत आढळले. कोरेयोशी कुराहारा यांचा १९८३ सालचा 'नान्क्योकु मोनोगातारी' हा चित्रपट कुत्र्यांची झुंज तर दाखवितोच. परंतु ज्यांनीं विश्वासानें आपले कुत्रे मोहिमेस दिले होते, त्यांच्या दारीं जाऊन क्षमा मागणारा माणूसही दाखवितो.

भारतीय चित्रपटांत कुत्रा बहुधा धन्याचा कैवारी म्हणून येतो. १९८५ सालच्या 'तेरी मेहरबानियाँ' या हिंदी चित्रपटांत जॅकी श्रॉफ यांनीं केलेल्या नायकाचा खून झाल्यावर मोती हा त्याचा कुत्रा मारेकऱ्यांचा सूड घेतो. रंजनाच्या दृष्टीनें तो लोकप्रिय झाला. पण येथें कुत्र्याला माणसाचा क्रोध उसना दिलेला आहे. २०२२ सालचा कन्नड चित्रपट '७७७ चार्ली' मात्र मूळ सूत्राकडे परत येतो. किरणराज यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाच्या नायकाचें नांवच धर्म असें आहे. माणसांपासून तुटलेला, एकाकी असा हा माणूस. त्याच्या दारीं लॅब्रॅडोर जातीची एक कुत्री येते. ती कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्या एका क्रूर माणसाकडून पळालेली असते, आणि जवळच्या नात्यांतील पैदाशीमुळें तिला असाध्य रोग जडलेला असतो. तिला बर्फ दाखवावें म्हणून धर्म तिला घेऊन हिमालयाकडे निघतो. महाभारतांत कुत्रा धर्मराजाच्या मागें चालला. येथें धर्म कुत्रीला पुढें बसवून नेतो. या चित्रपटास उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

चार्लीची कथा जो दोष दाखविते, त्यांत चित्रपटांचाही वांटा आहे हें सांगावयास हवें. पडद्यावर एखादी जात गाजली कीं, ती विकत घेण्याची हौस उसळते. अमेरिकेंतील जातिवंत कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, चित्रपटाचा असा परिणाम दहा वर्षांपर्यंतही टिकतो असें आढळलें. मागणी वाढली कीं घाईची पैदास होते, आणि हौस फिटली कीं तेच कुत्रे रस्त्यावर येतात. चित्रीकरणाच्या वेळींही प्राण्यांचे हाल होत असत. १९३९ सालच्या एका अमेरिकन चित्रपटांत घोडा मेल्यावर तेथें १९४० पासून प्राणिरक्षक संस्थेची देखरेख सुरू झाली. भारतांत १९६० सालचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे, आणि चित्रपटांत प्राणी वापरावयाचा तर २००१ सालच्या नियमांप्रमाणें नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्रांत रोटी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव घरोघरीं ठाऊक आहेत. कोरडी रोटी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल, ही त्यांची चिंता. चित्रपट पाहून डोळे पुसणें सोपें आहे. ती वाटी हातीं घेणें कठीण. कुत्रा बहुधा दहा-बारा वर्षें जगतो. तितकीं वर्षें रोज अन्न, पाणी, फिरणें, लस आणि म्हातारपणीं शुश्रूषा यांची तयारी असेल, तरच त्यास घरीं आणावें. आणि जातिवंताचाच हट्ट न धरतां गल्लींतील एखादें पोरकें पिलूं आणलें, तर लॅसीपेक्षां तें कमी इमानी निघेल असें मानण्यास कांहींच कारण नाहीं.